आठही भुतांचं एकच नाक

तर ठिपकी. आता हे काही तिचं खरं नाव नाही, पण खरं नाव तिला स्वतःलाही आठवायला जरा वेळ लागतो, कारण जिथे बघाल तिथे पोरीच्या अंगावर रंगाचा ठिपका. कानामागे निळा, कोपरावर पिवळा, आणि एकदा तर दातावर हिरवा, तो घेऊन ती दिवसभर सगळ्यांशी हसून बोलत होती आणि कोणी सांगितलंसुद्धा नाही. मुखवटे करायचं काम म्हटलं की हे असंच.

कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरचा माळा. खाली रबराचा वास, वर खळीचा. खिडकीच्या दांडीवर ओळीने डोकी वाळत टांगलेली, त्यामुळे वीजबिल द्यायला येणारा माणूस जिन्यावरूनच हात लांब करून बिल आत सरकवतो आणि पळतो. मालक म्हणजे डिंककाका. त्यांच्या बोटांना इतका डिंक की चहाचा कप त्यांनी उचलला की तो खाली ठेवायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. आणि तिसरा लंबू, तो केस, दाढ्या, शिंगं, लाकडाचे दात वगैरे बसवतो आणि उरलेल्या वेळात लोकांना छळतो.

डिंककाकांचा एक नियम आहे, आणि ह्या सगळ्या भानगडीचं मूळ तोच. चित्र बघून मुखवटा करायचा नाही. ज्याचा मुखवटा करायचा त्याची गोष्ट मोठ्याने सांगायची आणि सांगता सांगता हात चालवायचे. "तोंड गोष्ट सांगतंय तोवर बोटं खोटं बोलत नाहीत," असं ते म्हणतात. बाहेरच्याला वेड्यांचा बाजार वाटेल. कागदाचा लगदा मळत तिघंही एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टी बडबडतायत. पण मुखवटे असे होतात की बघत राहावं.

तर झालं काय, मुलांच्या वाचनालयात गोष्टींची एक नवी खोली होणार होती, आणि तिच्या भिंतीवर लावायला आठ मुखवटे हवे होते. जगभरातली भुतंखेतं. डिंककाकांनी सगळं काम उचलून ठिपकीच्या पुढ्यात ठेवलं. "एकटीने कर," म्हणाले. तिचं पहिलंच एकटीचं काम. दोन दिवस ती जमिनीवर चालत नव्हती.

आणि भुतांच्या बाबतीत ठिपकीला पुस्तक उघडायची गरज नव्हती. तिची मावशी होती ना.

ही मावशी बंदरावरच्या इस्पितळात नर्स होती. जहाजांवरून खलाशी यायचे, कोणाचा पाय मोडलेला, कोणाला ताप, देशोदेशीचे, आणि पडल्या पडल्या करणार काय, तर मावशीला आपापल्या गावची भुतं सांगायचे. अर्धं खुणांनी, अर्धं मोडक्यातोडक्या भाषेत. मावशी ती घरी घेऊन यायची. ठिपकी लहानपणी सुट्टीला मावशीकडेच असायची, आणि जेवताना मावशी भुतं वाढायची. जपानच्या नदीतला तो टवाळ, ज्याच्या डोक्यावर पाण्याची खळगी असते, आणि तो इतका सभ्य की तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, मग पाणी सांडतं आणि त्याची सगळी ताकद जाते. रशियातला चुलीमागचा म्हातारा, घर बदलताना ज्याला जुन्या बुटात बसवून बरोबर न्यावं लागतं, नाहीतर रुसतो. आयर्लंडची ती बाई, केस विंचरत रडणारी, जी रडली की समजावं त्या घराण्यात कोणीतरी जाणार. आणि मावशी नुसतं सांगायची नाही, ती करून दाखवायची. डाव्या हातात आमटीची वाटी, उजवी भुवई वर, ओठ आवळलेले, आणि असा काही आवाज काढायची की ठिपकीचा घास हातातच राहायचा.

पुढे ठिपकीने नर्सिंगचा अभ्यास अर्ध्यात सोडून मुखवटे करायचं काढलं, तेव्हा तिच्या आईने घर डोक्यावर घेतलं. मावशी मात्र पुढे झाली. "माझ्याकडे राहील ती," म्हणाली, "नर्स मी झाले ना, एका घरात एक पुरे." मागची खोली दिली, चावी दिली, वर भिंतीला रंग लागला तरी बोलणार नाही म्हणाली. आणि लागला, आणि बोलली, पण ते जाऊ दे.

आता मावशीबद्दल एक गोष्ट माहीत असायलाच हवी. नाक. मावशीचं नाक म्हणजे मधे एक उंचवटा आणि मग टोक खाली वळलेलं, भरघोस, लांबून ओळखू येणारं. ठिपकीच्या आईचंही अगदी तेच. दोघी बहिणी एका साच्यातल्या. पण दोघींचं आयुष्यभर म्हणणं काय, तर नाक दुसरीचं मोठं आहे. हा वाद शाळेपासून चालू आहे. आणि बाहेरच्या कोणी नाकाचा विषय काढला की संपलं. समोरच्या घरातली बाई, मावशीची जिवाभावाची मैत्रीण, रोज एकमेकींकडे चहा. एकदा ती हसत म्हणाली, "तुझ्या नाकावर छत्री अडकवता येईल." बस. मावशीने त्या दिवशी कप धुवून ठेवला तो ठेवलाच. अजून समोरासमोर दारं आहेत, पण मावशी तिला ओळखसुद्धा दाखवत नाही.

हे सगळं ठिपकीला तोंडपाठ होतं. आणि तरी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने पहिल्यांदा आठही मुखवटे एका ओळीत टांगले. तोवर एक वाळतोय, एक रंगतोय, एकाला लंबूने केसांसाठी नेलाय, असं चाललं होतं. ती स्टुलावरून उतरली, मागे सरकली, खूश होऊन हात पुसले. लंबू पाव खात उभा होता. त्याचं चावणं थांबलं.

"काय गं," तो म्हणाला, "ह्या सगळ्या बहिणी आहेत का?"

"कोण बहिणी? हा तर म्हातारा आहे चुलीमागचा."

"असेल. पण ती रडणारी त्याची बहीण आहे. आणि हा झाडावर बसून चिरूट ओढणारा यांचा मामा. आणि हा घोडा..." लंबू घोड्याजवळ गेला. तो स्कॉटलंडच्या तळ्यातला घोडा होता, दिसायला गरीब, पण पाठीवर बसलं की माणूस चिकटतो आणि तो थेट पाण्यात नेतो. "ह्या घोड्याला मी कुठेतरी बघितलंय. परवा तुझा डबा द्यायला आला होता."

ठिपकीने बघितलं. आणि एकदा दिसलं ते दिसलंच, मग काही केल्या ते नाहीसं होईना. आठही चेहऱ्यांवर उजवी भुवई वर. आठही ओठ आवळलेले, आता ओरडणार असे. आणि नाक. जपानच्या टवाळाला मावशीचं नाक, नॉर्वेच्या जंगलातली ती सुंदरी, समोरून देखणी आणि पाठीमागून झाडाच्या ढोलीसारखी पोकळ, तिला मावशीचं नाक. घोड्याला, अहो घोड्याला मावशीचं नाक.

ठिपकी मटकन स्टुलावर बसली. स्टुलावर रंगाचा डबा होता, पण ते तिला संध्याकाळी कळलं.

डिंककाका चष्मा वर करून ओळीतून फिरले. "काम झकास झालंय," म्हणाले. "कोण आहेत ह्या बाई?"

"माझी मावशी. आणि ती उद्या येणारे, काका. पहिल्या रांगेत बसणारे. सगळ्या गावासमोर मी तिची आठ भुतं केली. तिने मला खोली दिली आणि मी तिला घोडा केलं."

"नवीन कर मग," लंबू म्हणाला.

"लगदा वाळायला चार दिवस लागतात, तुला माहीत नाही?"

"मग नाकं कमी कर."

हे बोलणं सोपं होतं. ठिपकीने घोडा खाली घेतला, पॉलिश पेपर घेतला, आणि नाकाचा उंचवटा घासायला लागली. कागदाचे थर ते किती असणार. उंचवट्याच्या जागी भोक पडलं. भोक बुजवायला लगदा लावला, लगदा ओला, तो घसरला, नाक एका बाजूला सुजलं. आता घोडा मावशीसारखाच दिसत होता, फक्त मावशीला सर्दी झाल्यासारखा. लंबूने नॉर्वेच्या सुंदरीच्या कपाळावर केस पुढे ओढून भुवई झाकली, तर पुढे ओढलेल्या केसांतून नाक आणखीच पुढे आलं, पडद्यामागून कोणी डोकावावं तसं.

"पुरे," डिंककाका म्हणाले. "चांगल्या मुखवट्यांचे हाल करू नका. त्यापेक्षा मावशीशी बोल."

"तुम्ही ओळखत नाही तिला."

"ओळखतो की," काका म्हणाले आणि ओळीकडे बोट केलं. "आठ वेळा."

संध्याकाळी घरी ठिपकीने प्रयत्न केला, नाही असं नाही. मावशी इस्त्री करत होती, ठेवणीतला निळा पोशाख, आणि शिट्टी वाजवत होती, म्हणजे स्वारी खुशीत.

"मावशी, उद्या खूप गर्दी असणारे. तू हवं तर दुपारनंतर ये. शांतपणे बघ."

"खलाशांच्या वॉर्डात आयुष्य गेलं माझं, मला गर्दी सांगतेस?"

"मुलं फार ओरडतात गं."

"खलाशी त्याहून ओरडतात. इंजेक्शन बघून." मावशीने इस्त्री उभी केली. "काय झालंय? काम बिघडलंय का?"

आणि भुवई वर. तीच भुवई. ठिपकी इस्त्रीच्या वायरीकडे बघायला लागली. "नाही," एवढंच म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून पडली. समोरच्या घरातल्या बाईंचा धुवून ठेवलेला कप डोळ्यांसमोरून हलेना. आता आपलाही कप असाच धुवून ठेवला जाणार, हेच डोक्यात.

सकाळी वाचनालयात ही धमाल. पोरं खिडक्यांवर, पोरं टेबलांखाली, वाचनालयाच्या बाई एकेकाला उचलून सतरंजीवर ठेवतायत आणि तोवर आधीचा पळालेला. मुखवटे भिंतीवर लागलेले, खाली एकेक ओळ लिहिलेली. आणि पोरं काय, लगेच कामाला लागली होती. जपानच्या टवाळासमोर रांग लावून कमरेत वाकत होती, त्याचं पाणी सांडावं म्हणून. कॅरिबियन बेटांवरची ती म्हातारी, कातडी काढून ठेवून आगीचा गोळा होऊन उडणारी, दारात तांदूळ सांडले तर दाणा न् दाणा मोजत बसते. तिच्यासमोर एकीने डब्यातले शेंगदाणे ओतले होते आणि म्हणत होती, "मोज आता, बस."

मावशी आली. निळा पोशाख, नवीन चपला, हातात मोबाइल. ठिपकी लंबूच्या मागे सरकली, लंबू म्हणजे खांबच.

मावशी पहिल्या मुखवट्यासमोर उभी राहिली. मग दुसऱ्या. सावकाश, वॉर्डात फेरी मारल्यासारखी, एकेका पेशंटपाशी थांबत. चुलीमागच्या म्हाताऱ्यापाशी वाकून बघितलं. घोड्यापाशी जरा जास्तच वेळ थांबली. शेवटी वळली. चेहरा लाल.

"ठिपके, इकडे ये."

ठिपकी गेली.

"ही," मावशी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "ही तुझी आई आहे ना?"

ठिपकीचा जीव असा भांड्यात पडला की भांड्याचा आवाज आला असेल.

"अगं हुबेहूब. हे नाक बघ. मी आयुष्यभर सांगतेय, नाक तिचं मोठं. कोणी ऐकलं माझं?" मावशीने फटाफट फोटो काढले. "आणि घोडा तर काय, सकाळी उठल्यावरची तीच. सर्दीसकट."

मागून लंबू पुटपुटला, "हो म्हण. हो म्हण आणि मोकळी हो."

ठिपकी हो म्हणणारच होती. पण मावशीने तोवर फोटो बहिणीला पाठवूनही दिले होते, आणि लगेच फोन वाजला. मावशीने मोबाइल समोर धरला. पडद्यावर ठिपकीची आई, चष्मा कपाळावर.

"काय गं, हे काय पाठवलंस? तुझे इतके फोटो कशाला काढलेत?"

"माझे? नीट बघ. तुझे आहेत."

"वेडी आहेस का. ती उजवी भुवई कोणाची? लहानपणी आरशापुढे उभी राहून शिकलीस ती तू. आणि नाक तर..."

"नाक तुझं."

"नाक तुझं. शाळेतल्या बाईसुद्धा म्हणायच्या."

"शाळेतल्या बाईंना चष्मा होता."

सतरंजीवरची पोरं आता मुखवटे सोडून हे बघायला लागली. कोणीतरी शेंगदाणे वाटले. मावशीने मोबाइल ठिपकीच्या नाकासमोर धरला. "हिलाच विचारू. हिने केलेत. सांग गं बाई तुझ्या आईला, कोण आहे ही?"

पडद्यावर आई बघतेय. इकडून मावशी बघतेय. ठिपकीला वाटलं, आईचं नाव घेतलं तर आई चार शिव्या घालेल आणि रात्री विसरेल. आईचं ते असंच. मावशी विसरत नाही. म्हणजे एक शब्द, आणि खोली राहते, चहा राहतो, सगळं राहतं. पण मग रोज जेवताना मावशीसमोर बसायचं, तिच्या तोंडून पुढचं भूत ऐकायचं, आणि तिला कधीच सांगायचं नाही की हे माझ्या बोटांत कुठून आलं. ते तिला जमणारं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "तू आहेस."

मोबाइल खाली आला. मावशीची भुवई वर गेली, ओठ आवळले. भिंतीवर आठ आणि खाली नववी. सतरंजीवरचा एक बारका लगेच बोटांवर मोजायला लागला.

"आम्ही गोष्ट सांगत सांगत करतो ना मुखवटे," ठिपकी आता थांबेचना, एका दमात, "तर मी गोष्टी सांगितल्या, पण मला त्या तुझ्याच आवाजात येतात, दुसऱ्या येतच नाहीत. मी ते पाण्यातलं भूत कधी बघितलंय? मी तुला बघितलंय, आमटीची वाटी डोक्यावर धरून वाकताना. आयर्लंडची बाई कशी रडते ते मला कसं माहीत? तू रडून दाखवलंस, शेजारचे धावत आले होते. मला वाटायचं जगातली सगळी भुतं तुझ्या ओळखीची आहेत, म्हणून ती तुझ्यासारखी दिसतात. मुद्दाम नाही केलं गं. नाक घासायलाही गेले होते, भोक पडलं. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण आईचं नाव मी घेणार नाही, कारण आईने मला एकसुद्धा भूत सांगितलेलं नाही."

मावशी पुन्हा भिंतीकडे वळली. सगळी ओळ तिने परत बघितली, पण ह्या वेळी वॉर्डातल्यासारखी नाही. टवाळासमोर एक मुलगी अजून वाकत होती, घट्ट डोळे मिटून, मनापासून. मावशी तिच्याकडे बघत राहिली. ठिपकी मावशीच्या पाठीकडे बघत राहिली.

मग मावशीने मोबाइल तोंडासमोर धरला.

"ऐकलंस का गं?" ती बहिणीला म्हणाली. आवाज असा, जसा कोणाला तरी मोठं बक्षीस लागलंय आणि दुसऱ्या कोणाला नाही. "आठही मीच आहे. घोडासुद्धा. तू एकही नाहीस."

पलीकडून, "एकही नाही?"

"एकही नाही."

"नाक तर माझ्यासारखं आहे."

"आता नाक तुझं झालं होय? मघाशी माझं होतं."

लंबूने ठिपकीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली. मावशीने तिचा कान धरला, जोरात नाही, आणि तिला घोड्यासमोर नेलं. "पण हे काय करून ठेवलंस? सर्दी झालेला घोडा पाण्यात कसा जाईल? ते नाक नीट कर. आहे तेवढं. कमी करायचं नाही. आणि चिरूटवाल्याचा चिरूट ओठांच्या मधोमध दिलाय, तो कोपऱ्यात हवा. तो बोलता बोलता ओढतो. मला सांगणारा खलाशी तसाच ओढायचा, मी दहादा बंद करायला लावला. बाई, जरा सरका." हे वाचनालयाच्या बाईंना. आणि मोबाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवून, सतरंजीच्या मधोमध, निळ्या पोशाखाची पर्वा न करता मावशी बसली. "तर हा जो झाडावरचा आहे, तो वाईट नाही, पण त्याला एकटं वाटतं. आणि एकटं वाटलं की तो काय करतो माहितीये?"

आणि करून दाखवलं. पुढची रांग किंचाळत मागच्या रांगेच्या मांडीवर गेली. एक पोरगं मावशीकडे बघे, भिंतीकडे बघे, पुन्हा मावशीकडे. मग हळूच शेजारच्याला म्हणालं, "खरी हीच आहे. ती वरची कागदाची आहेत."

कठड्यावरच्या मोबाइलमधून आवाज येत होता, "अगं मला दिसत नाहीये. मला कोणी फिरवेल का? मला छत दिसतंय नुसतं."

ठिपकीने मोबाइल उचलला. आईने चष्मा डोळ्यांवर घेतला होता आणि चेहरा असा केला होता, जसं पंगतीत वाढपी तिला ओलांडून पुढे गेलाय.

"हे बघ," आई म्हणाली, हळू आवाजात, बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून, "मला भुतं सांगता येत नाहीत हे खरं. पण एखादं करायला काय हरकत आहे? ती असते ना, उलट्या पायांची. ती माझी कर."

"आई, मुखवट्याला पाय नसतात."

सतरंजीवरून, गोष्ट न थांबवता, मावशी ओरडली, "पाय तिचे आधीपासूनच उलटे आहेत. इकडे वळतात का कधी?"

"मी येते," आई म्हणाली. "रविवारी येते. मग बघू नाक कोणाचं मोठं ते. फूटपट्टी घेऊन येते."

"ये की," मावशी म्हणाली. "ठिपके, लगदा भिजत घाल."